माशाच्या खवल्याएवढी नाणी

जुन्या ग्रीक नाण्यांचा विषय निघाला की अथेन्सचं घुबडाचं चांदीचं नाणं पुढे येतं. ते देखणं आहेच, पण बाजारहाट चालायचा तो नखावर मावणाऱ्या चिल्लरीवर.

नाण्यांची सुरुवात झाली इ.स.पू. सातव्या शतकात, आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या लिडिया राज्यात. राजधानी सार्डिसजवळच्या पॅक्टोलस नदीच्या वाळूत सोनं सापडे. त्यात चांदी मिसळलेली असे, आणि तिचं प्रमाण कधीच सारखं नसे. मग प्रत्येक व्यवहारात तोलायचं किती आणि कसोटीवर घासायचं किती? ठरावीक वजनाच्या तुकड्यावर सिंहाचं तोंड उमटवलं की राजाची हमी मिळाली. एफिसस या त्याच भागातल्या ग्रीक नगरात आर्टेमिस देवीच्या देवळाच्या पायाखाली १९०४-०५च्या उत्खननात असे मिश्रधातूचे तुकडे सापडले. पूर्ण नाणं सुमारे १४ ग्रॅमचं, तर सगळ्यात छोटा भाग त्याच्या ९६व्या हिश्शाचा, म्हणजे जेमतेम ०.१५ ग्रॅम! तरीही सोनं ते सोनंच; मूठभर ऑलिव्ह घ्यायला तेवढंही जड.

सहाव्या शतकाच्या मध्याला लिडियाचा राजा क्रीसस याने सोन्याची आणि चांदीची नाणी वेगळी केली. पुढे ग्रीक नगरांनी चांदीचे बारीक तुकडे पाडायला घेतले. अथेन्सच्या द्राख्मा या एका चांदीच्या नाण्याचे सहा ओबोल. ओबोल सुमारे ०.७ ग्रॅमचा आणि त्याचा चतुर्थांश ०.१८ ग्रॅमचा. एवढ्याशा ठिपक्यावर शिक्का कोरणाऱ्या कारागिराचा हात किती स्थिर असेल!

अशी नाणी लोक चक्क तोंडात, गालाशी धरून नेत. अथेन्सचा विनोदी नाटककार अ‍ॅरिस्टोफेनीस याच्या ‘वास्प्स’ या इ.स.पू. ४२२च्या नाटकात एकजण मासळीबाजारात द्राख्मा मोडतो आणि सोबत्याच्या हातावर ओबोल म्हणून माशाची तीन खवले टेकवतो. सोबती ती तोंडात टाकतो आणि वासाने थुंकतो. खवल्यात आणि ओबोलात गफलत होऊ शकते, हे प्रेक्षकांना ठाऊक होतं, म्हणून तर हा विनोद जमला.

सुरुवातीची नाणी फक्त मोठ्या देण्याघेण्यासाठी होती, असं अभ्यासक बरीच वर्षं मानत. मला ते पटत नाही. हे कण मातीत नजरेला पडत नाहीत, त्यामुळे जुन्या उत्खननांत ते निसटत. आयोनियातल्या, म्हणजे लिडियालगतच्या किनाऱ्यावरच्या ग्रीक नगरांची अशी चिल्लर पुढे शेकड्यांनी उजेडात आली. पाचव्या शतकाच्या अखेरीपासून मात्र हाताळायला सोपी ब्राँझची नाणी पसरत गेली आणि चांदीचे हे कण हळूहळू मागे पडले.