निष्पत्तींची मोजणी

निष्पत्तींची मोजणी : (संभाव्यता). एखाद्या यादृच्छिक प्रयोगातून काय काय निघू शकते ते, एकही शक्यता न गाळता आणि एकही दोनदा न धरता, मोजणे. यादृच्छिक प्रयोगात सगळ्या शक्यता आधी ठाऊक असतात, पण या खेपेला कोणती येईल ते सांगता येत नाही. अशी प्रत्येक शक्यता म्हणजे एक निष्पत्ती, आणि सर्व निष्पत्तींचा संच म्हणजे नमुना अवकाश. त्यातल्या आपल्याला हव्या तेवढ्या निष्पत्तींचा उपसंच ही घटना. निष्पत्ती समसंभाव्य असतील, म्हणजे प्रत्येक येण्याची शक्यता सारखीच असेल, तर घटनेतील निष्पत्तींच्या संख्येला नमुना अवकाशातील संख्येने भागले की संभाव्यता मिळते. दहावीच्या बीजगणितात हे सूत्र चटकन पाठ होते. गोम आहे ती ‘समसंभाव्य’ या शब्दात.

दोन नाणी उडवली की दोन छापे, दोन काटे किंवा एकेक, अशा तीनच गोष्टी डोळ्यांना दिसतात. पण एक नाणे रुपयाचे आणि दुसरे दोन रुपयांचे घेतले, की रुपयावर छापा व दोनावर काटा हे त्याच्या उलट प्रकारापेक्षा वेगळे असल्याचे लगेच कळते. निष्पत्ती चार आहेत. दोन्ही नाणी रुपयाची घेतली तरी चारच राहतात. नाण्यांना आपल्या नजरेशी देणेघेणे नसते. फ्रेंच गणिती दालांबेर यांच्यासारखा माणूसही इथे घसरला. दोन फेकींत निदान एक छापा पडण्याची संभाव्यता त्यांनी १७५४ मध्ये फ्रेंच विश्वकोशातील नोंदीत २/३ धरली. पहिल्याच फेकीत छापा आला तर खेळ संपला, म्हणून प्रकार तीनच, असा त्यांचा हिशेब. पण पहिल्या फेकीतला छापा हा एकटाच उरलेल्या दोन प्रकारांच्या बरोबरीचा असतो. खरे उत्तर ३/४.

याच जातीचा जुना प्रश्न तीन फाशांचा. बेरीज ९ सहा प्रकारे होते : ६-२-१, ५-३-१, ५-२-२, ४-४-१, ४-३-२, ३-३-३. बेरीज १० चेही सहाच प्रकार. तरी १० जरा जास्त वेळा पडते, असे इटलीतील जुगाऱ्यांच्या ध्यानात आले होते. गॅलिलिओ यांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचा उलगडा केला. तीन वेगळे आकडे असतील तर ते तीन फाशांवर ६ तऱ्हांनी पडू शकतात, दोन सारखे असतील तर ३, आणि तिन्ही सारखे असतील तर एकाच तऱ्हेने. त्यामुळे ९ च्या वाट्याला २५ निष्पत्ती येतात, १० च्या वाट्याला २७. एकूण निष्पत्ती २१६. म्हणजे फरक शंभरात जेमतेम एकाचा. तो नुसत्या अनुभवाने हेरायला किती रात्री फासे टाकले असतील!

२१६ ही संख्या यादी करून काढावी लागत नाही. एक काम टप्प्याटप्प्याने होत असेल, तर प्रत्येक टप्प्यावरचे पर्याय गुणायचे : ६ × ६ × ६. पत्त्यांच्या जोडातून एकामागून एक दोन पाने ओढली तर ५२ × ५१ = २६५२; क्रम महत्त्वाचा नसेल तर त्याच्या निम्मे, १३२६. परीक्षेत हमखास चुकतो तो शून्याचा मामला. ०, १, २, ३, ४, ५ यांतून अंक पुन्हा न वापरता दोन अंकी संख्या किती? दशकस्थानी शून्य चालत नाही, म्हणून तिथे ५ पर्याय. एककस्थानी उरलेल्यांपैकी कोणताही, पुन्हा ५. उत्तर २५, ३० नव्हे.

ही गुणाकाराची रीत भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) ‘अंकपाश’ प्रकरणात आहे. शंभूच्या दहा हातांत दहा आयुधे अदलाबदल करून किती मूर्ती होतील, या प्रश्नाचे उत्तर ३६,२८,८०० येते. चार हातांच्या हरीसाठी २४. तिथे मोजणी आहे, पण संभाव्यतेचा विषय नाही.

चल्लस-आठ खेळताना चिंचोके फोडून केलेल्या चार फोडी टाकतात. जितक्या पांढऱ्या बाजू वर तितके दान, आणि एकही नसेल तर आठ. निष्पत्ती २ × २ × २ × २ = १६ : एकाचे दान ४ तऱ्हांनी, दोनाचे ६, तीनाचे ४, चार आणि आठ मात्र एकेकाच तऱ्हेने. इथवर मोजणी चोख आहे, पण फोड नाण्यासारखी सारखी नसते. तिची एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. म्हणून १६ ने भागणे इथे चालत नाही. कोणती बाजू किती वेळा वर येते ते फोडी टाकून, टिपून ठेवूनच ठरवावे लागते. समजा, पांढरी बाजू दहात सहा वेळा वर येते. मग चाराचे दान ०.१२९६ संभाव्यतेने, म्हणजे साधारण आठ फेकींत एकदा मिळेल, आणि आठाचे ०.०२५६, म्हणजे एकोणचाळीस फेकींत एकदा.