इंटरमिजिएटला ए ग्रेड आहे, तरी दहावीत वाढीव गुण का नाही मिळाले?

दरवर्षी दहावीचा निकाल लागला की हाच प्रश्न येतो, म्हणून एकदाच नीट लिहितो. कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षा दोन, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. दहावीला वाढीव गुण फक्त इंटरमिजिएटचे मिळतात, ए ग्रेडला 7, बीला 5, सीला 3. नुसत्या एलिमेंटरीला काही नाही, मग ग्रेड कोणतीही असो. आणि कुठल्यातरी खासगी चित्रकला स्पर्धेचं सर्टिफिकेट, सोनेरी शिक्का असला तरी, इथे चालत नाही.

इंटरमिजिएटला बसायला आधी एलिमेंटरी पास हवी आणि परीक्षा वर्षातून एकदाच होते, इथेच बरेच जण अडकतात. दहावीत गेल्यावर आठवण झाली आणि एलिमेंटरीच झालेली नसेल तर विषय संपला. एलिमेंटरी आठवीत आणि इंटरमिजिएट नववीत उरकून टाका, कारण दहावीच्या वर्षी दिली तर रिझल्ट आणि वाढीव गुणांचा प्रस्ताव बोर्डाकडे पाठवायची तारीख जवळजवळ येतात आणि मग शाळेत नुसती धावपळ.

फॉर्म शाळेतूनच भरला जातो, फी भरली की झालं. पेपर चार, त्यात पोरं स्थिरचित्र (समोर मांडलेल्या वस्तूंचं चित्र), स्मरणचित्र, संकल्पचित्र (नक्षीकाम, डिझाइन) यांचा सराव करतात आणि भूमिती-अक्षरलेखनाकडे बघतसुद्धा नाहीत, तिथेच ग्रेड घसरते. आणि हो, पुढे मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयासारख्या ठिकाणी बीएफएला (कलेच्या पदवीला) जायचं असेल तर बारावीनंतरच्या सीईटीतही वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र असतंच, त्यामुळे हा सराव वाया जात नाही.

आता मुख्य घोळ. हे गुण आपोआप येत नाहीत! विद्यार्थ्याने सर्टिफिकेटची झेरॉक्स जोडून शाळेत अर्ज द्यायचा, शाळेने प्रस्ताव करून विभागीय मंडळाकडे पाठवायचा. एकाच राज्याची दोन सरकारी खाती, पण एकाचा निकाल दुसऱ्याला कळवायचं काम दहावीतल्या पोराच्या गळ्यात. शाळा बदललेली असेल तर सर्टिफिकेट बहुतेक जुन्या शाळेच्या कपाटातच पडलेलं असतं, ते दिवाळीच्या आधीच आणून ठेवा. नावाचं स्पेलिंग दहावीच्या फॉर्मशी जुळतंय का तेही बघा, वडिलांच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी फाईल अडते.

शेवटची तारीख पेपरात येते ती बऱ्याचदा शाळांनी मंडळाकडे प्रस्ताव देण्याची असते, तुमची नाही. पालक तीच धरून बसतात आणि शाळेने यादी कधीच बंद केलेली असते. कलाशिक्षकांना डिसेंबरातच गाठा, ज्या शाळेत कलाशिक्षकच नाहीत तिथे थेट मुख्याध्यापकांना, आणि मंडळाकडे जाणाऱ्या यादीत आपल्या मुलाचं नाव आहे का ते स्वतः बघून या.