नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, पण स्क्रीन काळीच? दुकानात येण्याआधी हे वाचा

आमच्याकडून ग्राफिक्स कार्ड नेऊन घरीच बसवणाऱ्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक आहे. आजवर ऑनबोर्ड डिस्प्लेवर काम चालत होतं, म्हणजे मॉनिटरची केबल थेट मदरबोर्डला लागत होती, अशांनी तर ते जरूर वाचावं. ‘डेड निघालं’ म्हणून परत येणारी बरीचशी कार्डं आमच्या टेबलावर लगेच चालू होतात. ग्राहकाचा हेलपाटा होतो, आमचाही वेळ जातो, आणि चूक बहुधा कार्डाची नसतेच. कॉम्प्युटरमध्ये आता डिस्प्लेचे दोन उगम झालेत आणि मॉनिटर नेमका कोणाला जोडलाय, हे पाहायचं राहून गेलेलं असतं.

आधी कॅबिनेटच्या मागे बघा

यूएसबी, लॅन आणि साउंडचे जॅक ज्या पट्टीत आहेत, त्याच पट्टीतला व्हीजीए किंवा एचडीएमआय पोर्ट ऑनबोर्डचा. कार्डाचे पोर्ट त्या पट्टीपासून वेगळे, खाली, नेहमीच्या उभ्या कॅबिनेटमध्ये आडव्या रांगेत दिसतात. केबल तिथे लागली पाहिजे. नव्या कार्डाच्या पोर्टवर प्लास्टिकच्या छोट्या टोप्या असतात, त्या काढा. टोपीसकट केबल दाबून बसवलेली आम्ही पाहिली आहे.

स्लॉटमध्ये कार्ड दिसलं की बरेच मदरबोर्ड ऑनबोर्ड डिस्प्ले आपोआप बंद करतात. केबल जुन्याच पोर्टमध्ये राहिली, तर मॉनिटर ‘नो सिग्नल’ म्हणतो आणि आत विंडोज मात्र मजेत चालू असतं. खात्री करायची तर दोन-तीन मिनिटं थांबून कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर पीसी जिवंत आहे, अडचण फक्त डिस्प्लेची. मॉनिटरला दोन इनपुट असतील तर त्याच्या बटणांतून योग्य इनपुट निवडलंय का, तेही पाहा.

व्हीजीए मॉनिटर असणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. २०१६ मध्ये आलेल्या जीटीएक्स १० मालिकेपासून एनव्हिडियाने कार्डांतून अ‍ॅनालॉग सिग्नल काढून टाकला. त्या कार्डांवरचा पांढरा डीव्हीआय पोर्ट नीट बघा. एका कडेला लांबट आडवी खाच असते. तिच्या वर-खाली चार बारीक भोकं नसतील, तर तो डीव्हीआय-डी. त्याला साधा व्हीजीए जोड लावून काहीही दिसणार नाही. एचडीएमआय ते व्हीजीए असा, आत सर्किट असलेला कन्व्हर्टरच लागतो. जीटी ७१० सारख्या जुन्या छोट्या कार्डांवर बहुतेक वेळा व्हीजीए थेट मिळतो.

ऑनबोर्ड बंद करण्याची घाई नको

पुष्कळ व्हिडिओंत पहिली पायरी सांगतात, ‘बायोसमध्ये जाऊन ऑनबोर्ड डिसेबल करा.’ बायोस म्हणजे विंडोजआधी उघडणारा मदरबोर्डचा सेटिंगचा मेनू. आमचं मत नेमकं उलट आहे. कार्ड चालत नसताना काही दिसायचं असेल, तर ते ऑनबोर्डवरच दिसणार. तेच बंद केलं तर तपासणी करायची कशावर?

पीसी बंद करा, पॉवर केबल काढा, कार्ड बाहेर काढा, मॉनिटर मदरबोर्डला लावा आणि सुरू करा. नेहमीसारखा डिस्प्ले आला तर रॅम, प्रोसेसर, मॉनिटर सगळं ठीक. आता बायोसमध्ये जा (बहुतेक डेस्कटॉपवर डिलीट किंवा एफ२). ‘प्रायमरी डिस्प्ले’ किंवा ‘इनिट डिस्प्ले फर्स्ट’ अशी ओळ सापडेल, तिथे सध्या ऑनबोर्डच ठेवा. त्यासाठी आयजीडी, आयजीएफएक्स किंवा नुसतं ऑनबोर्ड असं काही लिहिलेलं असतं. ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ (कार्ड असतानाही ऑनबोर्ड चालू ठेवणारं सेटिंग) असेल तर ते चालू करा. सेव्ह करून पीसी बंद करा, वायर काढा, कार्ड पुन्हा बसवा, मॉनिटर अजून मदरबोर्डलाच राहू द्या.

विंडोज आलं की डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स’ उघडा. नव्या कार्डाचं नाव किंवा ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर’ दिसलं, तर बोर्डाने कार्ड ओळखलं आहे आणि पुढचं काम ड्रायव्हरचं. काहीच दिसलं नाही तर कार्ड नीट बसलेलं नाही किंवा त्याला पॉवर मिळत नाही. एवढं कळलं तरी अर्धं काम झालं. सगळं सुरळीत झाल्यावर बायोसमधली तीच ओळ पीईजी किंवा पीसीआयई (म्हणजे कार्ड) वर न्या आणि केबल कार्डाला लावा.

विंडोज ११ असेल तर बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून लिहून घ्या. काही सेटिंग बदलल्यावर विंडोज ती मागतं, आणि नेमकी त्या वेळी ती हाताशी नसते.

सेटिंग बदलून दोन्हीकडचा डिस्प्ले गेला तरी घाबरू नका. पॉवर केबल काढून बोर्डावरचा गोल सेल (सीआर-२०३२) पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवा, सेटिंग मूळपदावर येतात.

प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल, उदाहरणार्थ आय३-१२१००एफ किंवा आय५-१२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नाहीच. रायझन ५ ३६०० आणि ५६०० यांचंही तेच. बोर्डाला एचडीएमआय पोर्ट दिसतो, पण त्यातून कधीच चित्र येणार नाही. प्रोसेसर बदलताना असा घेतला असेल, तर वरची तपासणी तुम्हाला लागू नाही.

बसवणं आणि पॉवर

कार्ड प्रोसेसरच्या सर्वांत जवळच्या लांब स्लॉटमध्ये घाला. खालचा स्लॉट दिसायला तेवढाच लांब असला तरी पुष्कळ बोर्डांत त्याला चारच लेन (डेटाच्या वाटा) जोडलेल्या असतात. स्लॉटच्या टोकाची खिट्टी ‘टक्’ करून वर आली पाहिजे. नंतर मागचा स्क्रू आवळताना कार्डाचं दुसरं टोक किंचित उचललं जातं, म्हणून स्क्रू लावल्यावर खिट्टीकडे पुन्हा एकदा बघा. कार्डाची सोनेरी पट्टी काळपट वाटली, तर खोडरबरने हलक्या हाताने पुसा आणि रबराचा चुरा झटकून टाका. पावसाळ्यात रॅमलाही हाच उपाय लागू पडतो.

स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. ६-पिन कनेक्टर आणखी ७५ देतो, ८-पिन १५०. जीटी १०३० ला ३० वॉट पुरतात आणि जीटीएक्स १६५० ची बरीच मॉडेलं नुसत्या स्लॉटवर चालतात. आरटीएक्स ३०६० मात्र १७० वॉटचं आहे, एसएमपीएसची (कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायची) वायर लावल्याशिवाय ते चालणारच नाही. वायर राहिली तर काही कार्डं स्क्रीनवर तसा मेसेज देतात, काहींचा फॅन नुसता जोरात घोंघावतो.

प्रोसेसरची ८-पिन आणि कार्डाची ८-पिन या वेगळ्या वायरी आहेत. कार्डाची बहुधा ६ अधिक २ अशी फुटते आणि तिच्यावर पीसीआय-ई लिहिलेलं असतं. प्रोसेसरची वायर कार्डात जोर लावून बसवली तर प्लस-मायनस उलटे होतात. साटाच्या (हार्ड डिस्कला पॉवर देणाऱ्या) वायरवरून ६-पिन करून देणारे स्वस्त जोड आम्ही विकत नाही. साटा कनेक्टर १२ व्होल्टवर जेमतेम ५४ वॉट झेपवतो, जोड त्याच्याकडून ७५ मागतो, आणि प्लास्टिक वितळतं.

कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर ४५० वॉट छापलेलं असलं तरी त्यावर विसंबू नका. गेम सुरू झाला की पीसी आपोआप रीस्टार्ट होत असेल, तर पहिला संशय तिथेच घ्यावा. दुसरा यूपीएसवर. घरोघरी असलेला ६०० व्हीए यूपीएस साधारण ३६० वॉटचाच असतो. ऑनबोर्डवर तो आरामात चालत होता. आता कार्डाने एकदम करंट ओढला की लाइट गेल्याक्षणी तोही मान टाकतो.

ऑफिसमधून निघालेले ऑप्टिप्लेक्स, थिंकसेंटर असे ब्रँडेड डेस्कटॉप वापरणाऱ्यांनी कार्ड घेण्याआधीच आमच्याशी बोलावं. त्यांच्या छोट्या कॅबिनेटमध्ये लो-प्रोफाइल (कमी उंचीचं) कार्डच मावतं, आणि एसएमपीएस कंपनीच्या खास मापाचा असल्याने तो बदलणं जिकिरीचं असतं.

ड्रायव्हर

डिस्प्ले आला पण सगळं मोठं आणि फुगीर दिसतंय, तर ड्रायव्हर नाही एवढंच. तो कार्डाच्या चिपच्या कंपनीच्या साइटवरून घ्या: एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेल. बॉक्समधली सीडी ठेवून द्या. इन्स्टॉल होताना स्क्रीन दोन-चार वेळा काळी होते, तेव्हा पीसी बंद करू नका. आधी दुसऱ्या कंपनीचं कार्ड होतं तर जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयू या मोफत प्रोग्रॅमने साफ करा. ऑनबोर्डचा ड्रायव्हर मात्र काढायची गरज नाही, दोन्ही सुखाने नांदतात. नवा ड्रायव्हर घालूनही डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि ‘कोड ४३’ राहिला, तर कार्ड आमच्याकडे आणा. विंडोज ७ वर अडून बसलेल्यांना आरटीएक्स ४० मालिकेसाठी ड्रायव्हरच मिळणार नाही.

हे बिघाड नाहीत

कार्डाचा फॅन फिरत नाही: अनेक कार्डांचा फॅन चिप साधारण ५०-६० अंशांपर्यंत तापेपर्यंत बंदच असतो. गेम लावून बघा.

स्पीकरचा आवाज गेला: एचडीएमआयमधून आवाजही जातो, त्यामुळे विंडोजने मॉनिटरलाच स्पीकर मानलं आहे. साउंड सेटिंगमध्ये आउटपुट बदला.

गेमचा वेग वाढलाच नाही: केबल अजून मदरबोर्डलाच असण्याची शक्यता मोठी. ती बरोबर असेल, तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधल्या ‘ग्राफिक्स’मध्ये त्या गेमला ‘हाय परफॉर्मन्स’ द्या.

तरीही चालत नसेल

नुसतं कार्ड आणू नका, कॅबिनेट आणि मॉनिटरची केबल दोन्ही आणा. मॉनिटर आणायची गरज नाही. गाडीवरून आणताना कार्ड काढून त्याच्याच बॉक्समध्ये ठेवा, कारण खड्ड्यांतल्या गचक्यांनी जड कार्ड स्लॉट उखडतं. बिल सोबत हवं आणि कार्डावरचा सिरियल नंबरचा स्टिकर शाबूत हवा. जळालेलं किंवा पिन तुटलेलं कार्ड कंपनी वॉरंटीत घेत नाही आणि तिथे आमचंही काही चालत नाही. सुरू करताना पीसीने बीप दिले असतील, किंवा बोर्डावर व्हीजीए लिहिलेल्या जागी दिवा लागून राहिला असेल, तर मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून आणा. दुकानात आल्यावर तोच पीसी मुकाट्याने चालू होतो, हे आम्हाला ठाऊक आहे.