कुत्रं बिस्किटावर शिकत नाही, चुकलेल्या अंदाजावर शिकतं

आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मधे एक व्हिडिओ फिरत होता. काळं-पांढरं बॉर्डर कॉली कुत्रं, समोर एका ओळीत रोवलेले बारा दांडे, आणि ते त्यातून नागमोडी असं सटासट निघतं की परत लावून बघितल्याशिवाय कळतच नाही काय झालं ते. खाली लगेच कॉमेंट सुरू. "मारून मारून शिकवलं असन राजेहो." "इंजेक्शन देत असतीन." आणि एक, जिला सगळ्यात जास्त अंगठे मिळाले: "आपल्या गावठीच्यानं होत नाई, ते बिस्किट खाते अन् पयते."

इंजेक्शनवाल्याला सोडून द्या. मारण्याचं पुढं बघू. पण तिसरी कॉमेंट माझ्या डोक्यातून जाईना, कारण त्या भावानं जे पाहिलं ते अगदी खरं आहे, सगळ्यांच्या अंगणात रोज होतं, कुत्रं बिस्किट खातं आणि पळतं, फक्त त्यात दोष कुत्र्याच्या जातीचा नाही, बिस्किट कधी दिलं त्याचा आहे.

आधी खेळ काय आहे ते थोडक्यात. अ‍ॅजिलिटी म्हणजे कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत, उड्या, बोगदा, सीसॉ, चढ-उताराची फळी आणि ते दांडे म्हणजे वीव्ह पोल्स. इंग्लंडमधल्या क्रफ्ट्स डॉग शोमधे १९७८ साली दोन कार्यक्रमांच्या मधला रिकामा वेळ भरायचा म्हणून कमिटीतल्या जॉन व्हार्ली यांनी पीटर मीनवेल या ट्रेनरला धरून, घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धेवरून हा प्रकार बसवला, आणि लोकांना तो टाइमपासच आवडला. ऑबिडियन्स म्हणजे आज्ञापालनाची स्पर्धा त्याहून जुनी. अमेरिकेत १९३३ मधे हेलन व्हाइटहाउस वॉकर या बाईंनी ती भरवली, त्यांच्याकडे पूडल जातीचे कुत्रे होते आणि लोक पूडलला शोभेचं कुत्रं समजायचे, बाईंना दाखवून द्यायचं होतं की यांना डोकं आहे. त्यात मालकाच्या डाव्या पायाला लागून चालणं, सांगितलं तिथं बसून राहणं, डंबेल आणून देणं, आणि वरच्या पातळीवर ढिगातून मालकाच्या वासाची वस्तू हुडकून काढणं असं असतं, अमेरिकन केनल क्लबच्या नियमात २०० पैकी किमान १७० मार्क लागतात. वीव्ह पोल्सचा नियम असा की पहिला दांडा कुत्र्याच्या डाव्या खांद्याला यायला पाहिजे, मधला एकही सुटता कामा नये. आंतरराष्ट्रीय नियमात दोन दांड्यांत ६० सेंटिमीटर अंतर, म्हणजे बारा दांड्यांची ओळ झाली ६.६ मीटर, आपल्या साध्या अंगणातही बसते.

आणि दोन्ही खेळांत रिंगणात खाऊ न्यायचा नाही. म्हणजे जे कुत्रं निव्वळ हातातल्या बिस्किटाकडे बघून काम करतं ते स्पर्धेच्या दिवशी मालकाचं नाक कापणार.

मारण्याचं म्हणाल तर आपल्याकडे शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत आहे, तो बंदीनंतर परत सुरू झाला, आणि तुतारी (टोकदार काठी) टोचली की बैल पळतो हे लहान पोट्ट्यालाही माहीत आहे. (नियमात टोचायला मनाई आहे, ते किती पाळलं जातं ते पटावर जाणाऱ्यांना विचारा.) पण पळणं बैलाला आधीपासून येतं, दुखलं की तो ते जास्त करतो एवढंच. बारा दांड्यांतून नागमोडी जाणं कुठल्याच कुत्र्याला जन्मतः येत नाही, कुठल्याच शेतात त्याची गरज पडत नाही. काठीनं "हे नको" एवढंच सांगता येतं, आणि नको अशा गोष्टी हजार असतात. हवी असलेली एकच असते, ती काठी दाखवू शकत नाही.

मग बिस्किट. आता मेंदूत शिरू.

विसाव्या शतकाच्या शेवटी वोल्फ्राम शुल्ट्झ हे शास्त्रज्ञ स्वित्झर्लंडमधे माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशींचे सिग्नल मोजत होते. डोपामिनला पेपरवाले "आनंदाचं रसायन" म्हणतात, ते सोडून द्या, मोबाइलवर रोज कोणी ना कोणी डोपामिन डिटॉक्स विकत असतो. शुल्ट्झना दिसलं ते असं. माकडाला अचानक ज्यूसचा थेंब मिळाला की पेशी जोरात तडतडतात. मग त्यांनी ज्यूसच्या आधी एक खूण द्यायला सुरुवात केली. माकड शिकलं तशा त्या पेशी खुणेवर तडतडायला लागल्या आणि ज्यूस आल्यावर गप्प. ज्यूस तोच, तेवढाच, तोंडात जाणारा, आणि पेशी गप्प. आणि खूण देऊन ज्यूस दिलाच नाही तर, ज्यूस यायचा नेमक्या त्याच क्षणाला, पेशींचा आवाज नेहमीपेक्षा खाली पडायचा. शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी १९९७ मधे मांडलं की या पेशी बक्षीस मोजत नाहीत, बक्षिसाच्या अंदाजातली चूक मोजतात.

कापसाचंच बघा. मनात सात हजार भाव धरून तुम्ही मार्केटला गेलात आणि सातच मिळाला तर घरी येऊन कोणी काही बोलत नाही. साडेसात मिळाला तर येताना जिलेबी येते. साडेसहा मिळाला तर तोंड पडतं, पैसे खिशात आहेत तरी. खिशातल्या पैशानं मूड ठरत नाही, मनातल्या आकड्यापासून तो किती लांब पडला त्यानं ठरतो. आणि पुढच्या खेपेला तुम्ही मनातला आकडा बदलून जाता, ते बदलणं म्हणजेच शिकणं.

हेच गणितात १९७२ मधे रेस्कोर्ला आणि वॅग्नर या मानसशास्त्रज्ञांनी लिहून ठेवलं होतं, पेशी मोजायच्या कितीतरी आधी. नवा अंदाज बरोबर जुना अंदाज अधिक (बक्षीस वजा जुना अंदाज) गुणिले शिकण्याचा वेग. आकडे घालून बघू. बक्षीस धरा १०, वेग धरा ०.२, सुरुवातीचा अंदाज शून्य. पहिल्या वेळी अंदाज होतो २. दुसऱ्या वेळी चूक ८ ची, म्हणून ३.६. मग ४.८८, मग ५.९०, मग ६.७२. बघा, प्रत्येक वेळी बक्षीस दहाचंच आहे पण वाढ मात्र २, १.६, १.२८, १.०२, ०.८२ अशी घसरत जाते, आणि अंदाज दहाला टेकला की वाढ शून्य. म्हणजे तेच काम, तेच बिस्किट, शंभर वेळा, याच्यातल्या शेवटच्या कितीतरी खेपांत कुत्रं नवीन काहीच शिकत नाही. ते फक्त खातं.

आता पुढचा भाग थोडा किचकट आहे, पण मला सगळ्यात जास्त हाच आवडतो, त्यामुळं सहन करा. शुल्ट्झच्या माकडांत तडतड ज्यूसवरून खुणेवर गेली, म्हणजे वेळेत मागे सरकली. ती मागे सरकायचं गणित रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांचं आहे, त्याला टेम्पोरल डिफरन्स म्हणतात. त्यात अंदाज शेवटच्या बक्षिसाशी ताडून बघत नाहीत, आत्ताचा अंदाज पुढच्या क्षणाच्या अंदाजाशी ताडतात. पुढचा क्षण चांगला दिसायला लागला की आत्ताचा क्षण चांगला, मग त्याच्या आधीचा, असं एकेक पायरी मागे. याच पद्धतीवर आयबीएमच्या जेराल्ड टेसौरोंनी बॅकगॅमन हा फाशांचा खेळ खेळणारा कॉम्प्युटर केला होता. म्हणजे एआयचा हा मोठा हिस्सा आणि अंगणातलं कुत्रं एकाच हिशोबानं चालतात, आणि तरी एआयवर भाषण ठोकणाऱ्यांच्या घरचं कुत्रं बोलावलं की येत नाही.

आणि याच्याही खाली पेशीत काय होतं? २०१४ मधे टोकियो विद्यापीठात हारुओ कासाई यांच्या टीमनं उंदराच्या मेंदूच्या कापांवर हे मोजलं. मेंदूत स्ट्रायटम नावाचा भाग आहे, तिथल्या पेशींच्या फांद्यांवर बारीक बारीक काटे असतात, त्या काट्यांवर दुसऱ्या पेशीचा संदेश येतो. काटा जाड झाला म्हणजे जोड पक्का झाला, सोप्या भाषेत आठवण बसली. त्यांनी काट्याला ग्लुटामेट दिलं, म्हणजे "आत्ता हे काम झालं" असा संदेश, आणि वेगवेगळ्या अंतरानं डोपामिन सोडलं. काटा जाड झाला तो फक्त डोपामिन ०.३ ते २ सेकंदांच्या आत मागून आलं तेव्हा. आधी आलं तर नाही. पाच सेकंदांनी आलं तरी नाही. संदेश आल्यावर काट्यात कॅल्शियम शिरतं, त्यानं एक एन्झाइम थोडा वेळ तयारीत राहतं, तेवढ्यात डोपामिन आलं तर सीएएमपी नावाचा रेणू साठतो आणि पुढची साखळी चालते, आणि ते सीएएमपी फोडून टाकणारं दुसरं एन्झाइम तिथं सारखं कामावर असतंच, त्यामुळं खिडकी लगेच बंद. (हा परिच्छेद डोक्यावरून गेला तरी चालेल, दोन सेकंद एवढं लक्षात ठेवा.)

आता परत अंगणात या. तुम्ही हातात बिस्किट धरता, कुत्र्याला दाखवता, म्हणता "बस". कुत्रं बसतं. तुम्ही देता. बरोबर वाटतं ना? पण अंदाज चुकला कुठं? कुत्र्याला सुखद धक्का बसला तो बिस्किट दिसलं तेव्हा, बसायच्या आधी. बसल्यावर जे मिळालं ते ठरलेलंच होतं, चूक शून्य, शिकणं शून्य. कुत्रं एकच गोष्ट पक्की शिकलं, हातात बिस्किट आहे की नाही ते बघायचं. नसलं तर निघायचं. "बिस्किट खाते अन् पयते" हे कुत्रं मठ्ठ असल्याचं लक्षण नाही, जे शिकवलं गेलं तेच ते चोख करून दाखवतंय.

म्हणून चांगले ट्रेनर खाऊ लपवून ठेवतात, खिशातही नाही, लांब कट्ट्यावर. पण मग वेळेचं काय, दांड्यांत असताना दोन सेकंदांत कट्ट्यावरचा खाऊ कसा पोचवणार? तिथं ती मागे सरकणारी तडतड कामाला येते. एक लहान, तुटक, एकसारखा आवाज ठरवायचा. क्लिकर नावाचं प्लास्टिकचं खेळणं मिळतं, नाही तर टिकटिक पेन चालतो. आधी काहीच काम न सांगता आवाज, लगेच खाऊ, आवाज, लगेच खाऊ, असं थोड्या थोड्या वेळानं. काही दिवसांत तडतड आवाजावर येते. मग आवाज कुत्र्याचा खांदा बरोबर जागी गेला त्या क्षणाला, खाऊ निवांत मागून. जिभेनं टक् करणारेही असतात, पण ज्यांच्या घरी बैलजोडी आहे त्यांनी ते करू नये, बैल हाकताना तोच आवाज करतात, कुत्रं तो दिवसभर फुकट ऐकतं, त्यात अंदाज बांधण्यासारखं काही उरत नाही. आणि आवाज केला की खाऊ द्यायचाच, चुकून झाला तरी, नाही तर ज्यूस न मिळालेल्या माकडासारखं होतं.

वीव्ह पोल्स शिकवायच्या पद्धती बऱ्याच आहेत, त्यातली चॅनलची मला आवडते कारण वरचं गणित तिच्यात उघडं दिसतं. विषम नंबरचे दांडे एका बाजूला सरकवायचे, सम नंबरचे दुसऱ्या बाजूला, मधून सरळ गल्ली. कुत्रं सरळ पळतं, शेवटाला टक्, खाऊ. मग दोन्ही ओळी चार बोटं जवळ. अंदाज परत थोडा चुकतो, परत शिकायला जागा होते. सोपं झालं की परत चार बोटं. बांबूच्या काठ्या चालतात, जुन्या पीव्हीसी पाइपचे तुकडे चालतात, फक्त वरचं टोक घासून गुळगुळीत करा, डोळ्याचा प्रश्न आहे. तुराट्या वापरू नका, मोडतात आणि टोचतात. अधूनमधून एखादी खेप फारच झकास झाली तर बिस्किटाऐवजी उकडलेलं अंडं, म्हणजे साडेसातचा भाव.

गावठीला हे जमतं का? बॉर्डर कॉली मेंढ्या वळवायला पिढ्यान् पिढ्या निवडून वाढवलेली जात आहे, माणसाच्या हालचालीवर नजर ठेवणं तिच्या रक्तात आहे, घड्याळ लावून दोघांना पळवलं तर बहुतेक तीच पुढं जाईल, यात लाजायचं काही नाही. पण डोपामिनचा हिशोब जातीवर नाही. अमेरिकेत एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स यांनी २०१२ मधे दोन कुत्र्यांना जागेपणी, न बांधता, एमआरआय मशीनमधे स्थिर झोपायला शिकवलं, त्या भयानक ठकठक आवाजात. हाताची एक खूण म्हणजे खाऊ, दुसरी म्हणजे काही नाही. खाऊच्या खुणेवर मेंदूतला कॉडेट नावाचा भाग उजळला, तो स्ट्रायटमचाच तुकडा आहे. दोघांतलं एक बॉर्डर कॉली होतं, दुसरं आश्रयघरातून आणलेलं.

आपल्याकडे मात्र कुत्रं तिखट व्हावं म्हणून पिल्लाचे कान कापतात, मिरची चारतात. मिरचीनं पोट बिघडतं आणि कान कापल्यानं कान जातो, बाकी काही होत नाही, वर तो गुन्हाही आहे. शहरातली अंधश्रद्धा वेगळी, तिथं "तुम्ही अल्फा बना, कुत्र्याला दाबून ठेवा" असं शिकवणारे हजारो रुपये घेतात. तो अल्फा, म्हणजे कळपाचा दादा, आला रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या, पिंजऱ्यात कोंबलेल्या अनोळखी लांडग्यांच्या अभ्यासातून. ती कल्पना ज्यांच्या लिखाणानं जगभर पसरली त्या डेव्हिड मेक यांनीच १९९९ मधे लिहिलं की रानातला कळप म्हणजे साधं आई-बाप-पोरांचं कुटुंब असतं. ट्रेनरांच्या रीलपर्यंत ते अजून पोचलं नाही.

करून बघायचं असेल तर उन्हाळ्यात पहाटेच, कारण कुत्र्याला घाम फक्त पंजांना येतो, उन्हात अंगातली उष्णता मुख्यतः जीभ काढून धापा टाकूनच बाहेर जाते आणि आपल्याकडे एप्रिल-मेमधे सकाळी नऊलाच ते पुरत नाही. उड्या मारायला लावायच्या तर कुत्रं पूर्ण वाढू द्या, वर्ष-सव्वा वर्ष तरी, हाडं कच्ची असतात. रेबीजची लस आधी.

आणि कुत्र्याला हात लावायच्या आधी स्वतःची प्रॅक्टिस. घरातल्या कोणाला तरी रबरी बॉल वरून सोडायला सांगा, तो जमिनीला टेकेल त्याच क्षणी पेन वाजवा. सोपं वाटतं, पण कोणाकडून तरी मोबाइलवर स्लो मोशनमधे शूट करून घ्या आणि बघा, बॉल टेकून परत गुडघ्यापर्यंत उसळतो तेव्हा आपला अंगठा हलतो. कुत्रं दांड्यांत असताना तेवढ्या वेळात पुढच्या दांड्याला पोचलेलं असतं, म्हणजे बक्षीस भलत्याच पावलाला जातं. बॉल टेकणं आणि टक् एकत्र यायला लागले की मग कुत्र्याला बोलवा.