अमृतसरचे तख्त म्हणजे सुवर्णमंदिर नव्हे

‘शिखांच्या पाच तख्तांपैकी एक असलेले सुवर्णमंदिर’ हे वाक्य वर्तमानपत्रांत, प्रवासवर्णनांत आणि सहलींच्या पत्रकांत इतक्या वेळा वाचले आहे की आता ते दिसताच हात आपोआप लाल पेनाकडे जातो. तख्त म्हणजे शीख पंथाच्या अधिकाराचे आसन, आणि अमृतसरचे तख्त म्हणजे अकाल तख्त. सुवर्णमंदिर, म्हणजेच हरिमंदिर साहिब, हे तख्त नाही आणि कधी नव्हतेही.

मराठी माणसाच्या बाबतीत या घोटाळ्याला नांदेडचाही थोडा हातभार लागतो. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये जेथे निवर्तले, तेथे महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवून घेतलेली हुजूर साहिबची वास्तू हे तख्तही आहे आणि तेथला मुख्य गुरुद्वाराही. सचखंड एक्स्प्रेसने नांदेडहून अमृतसरला गेलेला प्रवासी तोच हिशेब तेथे लावतो. त्यातच पाटण्याच्या तख्ताचे नावच मुळी ‘तख्त श्री हरिमंदिरजी’ असल्यामुळे गोंधळाला आणखी खतपाणी मिळते.

हरिमंदिर साहिब बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून त्याविषयी थोडक्यात. गुरू रामदासांनी खोदवलेल्या सरोवराच्या मध्यभागी गुरू अर्जनदेवांनी ते उभारले आणि १६०४ मध्ये तेथे आदिग्रंथाची, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबच्या मूळ रूपाची, स्थापना झाली. अहमदशहा अब्दालीने १७६२ मध्ये ते सुरुंगाने उडवले, १७६४ पासून शिखांनी ते पुन्हा बांधायला घेतले आणि सोन्याचा मुलामा दिलेले तांब्याचे पत्रे त्यावर चढले ते थेट एकोणिसाव्या शतकात, रणजितसिंगांच्या कारकिर्दीत. ज्या वास्तूने पहिली दोनशे वर्षे सोने पाहिलेच नाही, तिला ‘सुवर्णमंदिर’ म्हणणे मला रुचत नाही. शीख तिला ‘दरबार साहिब’ म्हणतात आणि तेच नाव मला योग्य वाटते.

अकाल तख्ताचा उगम मात्र अगदी निराळ्या प्रसंगातून झाला. गुरू अर्जनदेवांना जहांगीरच्या राजवटीत १६०६ मध्ये लाहोरला हौतात्म्य आले. त्याच वर्षी त्यांचे पुत्र गुरू हरगोविंद यांनी मीरी आणि पीरी, म्हणजे ऐहिक सत्ता आणि आध्यात्मिक अधिकार, यांच्या प्रतीक म्हणून दोन तलवारी धारण केल्या आणि हरिमंदिरासमोर एक उंच चौथरा बांधवून घेतला. उंच आसनावर बसणे हा बादशहाचा मान मानला जात असताना गुरूंनी तसे आसन उभारणे, याचा अर्थ त्या काळी कोणालाही समजावून सांगावा लागला नसेल. हरिमंदिरात कीर्तन होई; या चौथऱ्यावर गुरू तंटे ऐकत, शस्त्रे व घोडे भेट म्हणून स्वीकारत आणि ढाढींकडून वीरांचे पोवाडे गाववून घेत.

हा भेद बांधणीतही उतरला आहे. हरिमंदिराकडे जाताना पायऱ्या उतराव्या लागतात, कारण ते भोवतालच्या जमिनीपेक्षा मुद्दाम खालच्या पातळीवर बांधले आहे, आणि त्याला चार दिशांना चार दरवाजे आहेत. तख्तात जाताना पायऱ्या चढाव्या लागतात, आणि पाच मजल्यांची ती इमारत समोरच्या मोकळ्या चौकावर नजर रोखून उभी असते. तख्ताशेजारी मीरी आणि पीरीचे दोन निशाण साहिब, म्हणजे शिखांचे ध्वजस्तंभ, आहेत. त्यांतला पीरीचा किंचित उंच आहे. तेथे गेल्यावर मान वर करून तेवढे जरूर पाहावे.

मात्र खरी ठेच लागते ती ‘हुकूमनामा’ या शब्दाशी. दरबार साहिबमधून रोज पहाटे जाहीर होणारा हुकूमनामा म्हणजे गुरू ग्रंथ साहिब उघडल्यावर समोर आलेले पद. त्यात कोणाला शिक्षा नसते, कोणाला फर्मान नसते. अकाल तख्ताचा हुकूमनामा हा साऱ्या पंथासाठी काढलेला आदेश असतो आणि तो तख्ताचे जथेदार, म्हणजे प्रमुख, जाहीर करतात. २०२४ च्या डिसेंबरमध्ये अकाली दलाचे नेते सुखबीरसिंग बादल गळ्यात पाटी अडकवून, हातात भाला धरून सुवर्णमंदिराच्या प्रवेशद्वाराशी बसले, तेव्हा ‘सुवर्णमंदिराने शिक्षा दिली’ असे सर्रास बोलले गेले. शिक्षा सुनावली होती अकाल तख्ताने. दरबार साहिब ही केवळ ती भोगण्याची एक जागा होती.

गुरू ग्रंथ साहिब रात्री पालखीतून अकाल तख्तात विश्रांतीला येतो आणि पहाटे पालखीतूनच परत जातो, मग दोन्ही एकच नाहीत का, असे कोणी विचारतो. दोन्ही एकच असती, तर पालखीची गरजच पडली नसती. (जाता जाता: ‘अकाली तख्त’ असे लिहू नये. येथे अकाल म्हणजे कालातीत. मराठीतल्या ‘अकाली निधना’शी त्याचा संबंध नाही.)

१९८४ विषयी लिहिताना तरी हा फरक पाळायलाच हवा. त्या जूनमधल्या लष्करी कारवाईत हरिमंदिरावर गोळ्या लागल्या, पण ते उभे राहिले. उद्ध्वस्त झाले ते अकाल तख्त. सरकारने ते घाईने बांधून दिले. परंतु राज्यसत्तेपुढे मान न झुकवण्यासाठी उभारलेले आसन राज्यसत्तेनेच बांधून द्यावे, हे पंथातील अनेकांना मान्य होणे शक्य नव्हते. १९८६ मध्ये ती इमारत पाडायला सुरुवात झाली, आणि आज दिसते ते तख्त त्यानंतरच्या कारसेवेतून उभे राहिलेले आहे.