पुडी तोलायची कशी?

ब्राउन शुगरची, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या भेसळीच्या हेरॉइनची, पुडिया इंदुरात पकडली गेली की मंदसौर, नीमच, रतलाम ही नावं ओघानेच येतात. परवान्यावरची अफू तिकडेच पिकते आणि तिथून चोरवाटेने फुटलेला माल शहरात यायला वेळ लागत नाही.

माळव्याला हे नवं नाही. इथली अफू स्वतःच्या मुठीत ठेवण्याचा कंपनी सरकारचा डाव फसला, तेव्हा १८३० च्या सुमारास पास-पद्धत आली. संस्थानांतली अफू मुंबई बंदरात न्यायची तर पेटीमागे शुल्क भरावं लागे. पेट्या तोलणारा सरकारी काटा इंदुरातही होता. पुढे चीनला होणारी निर्यात आटली, लग्नाकार्यातला कसुंबा, म्हणजे पाण्यात घोळलेली अफू, हाही मागे पडला.

ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगर आली आणि सगळं बदललं. पन्नीवर चिमूटभर पावडर, खाली पेटती काडी, तोंडात नळी. शेवटच्या दमानंतर आठ-बारा तासांत अंग मोडून येतं, नाक-डोळे वाहतात, पोट बिघडतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास शिगेला पोचतो. मात्र खरा धोका नंतरचा. महिनाभर व्यसन सुटलेल्या शरीराची सवय उतरलेली असते आणि तो माणूस जुन्याच हिशेबाने घेतो. अशाने जीव जातो.

१९८५ चा अमली पदार्थांविरुद्धचा कायदा (एनडीपीएस) आला तो दहा वर्षांची किमान शिक्षा घेऊनच. माल स्वतःपुरता होता, हेही आरोपीनेच सिद्ध करायचं. २००१ मध्ये शिक्षा वजनाशी बांधली गेली: हेरॉइन पाच ग्रॅमपर्यंत अल्प मात्रा, अडीचशेच्या वर व्यापारी मात्रा. पण वजन कशाचं? पुडीत पावडर कमी आणि भेसळ फार, हे तर गल्लीतल्या पोरालाही ठाऊक असतं.

२००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींपुढे चार किलो मालाचं प्रकरण होतं. त्यात शुद्ध हेरॉइन जेमतेम साठ ग्रॅम. शुद्ध भागच मोजा, असं त्यांनी सांगितलं. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००९ मध्ये, सरकारने अधिसूचना काढून सगळं मिश्रण काट्यावर चढवलं. अकरा वर्षं कोर्टाकोर्टांत हीच ओढाताण चालली. अखेर एप्रिल २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींनी सरकारची बाजू उचलून धरली. बाजारात विकलं जातं ते मिश्रणच, शुद्ध माल कोण विकतो, हा त्यांचा मुद्दा. विक्रेत्याच्या बाबतीत तो पटतोही. पण ज्याला जास्त भेसळीचा माल गळ्यात मारला, त्याचीच शिक्षा वाढते, हा न्याय काही पचत नाही.

शिवाय उपचाराची वाटही याच वजनात अडकली आहे. सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात आपणहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसावरचा खटला टळू शकतो, उपचार पुरा केला तर. पण बाळगण्याच्या गुन्ह्यात ही सवलत अल्प मात्रेपुरतीच. सहा ग्रॅमच्या पुडीत एक ग्रॅम हेरॉइन असलं, तरी ती हद्द ओलांडलेली असते.

आता तोच घोळ गोळ्यांचा. २०१८ मध्ये ट्रामाडोल हे वेदनाशामक या कायद्याखाली आलं. त्याचीही अल्प मात्रा पाच ग्रॅम. पन्नास मिलिग्रॅमची गोळी धरली, तर नुसत्या औषधाच्या हिशेबाने शंभर गोळ्या होतात. अख्खी गोळी तोलली, तर काही पट्ट्यांतच ती मर्यादा संपते.