मोतीबिंदू आणि काचबिंदू: एकाच वेळी दोन शस्त्रक्रिया

मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं की बहुतेकांना एकदोन दिवसांतच फरक कळतो. पिवळट वाटणारी भिंत पांढरी दिसू लागते, अक्षरं ठळक होतात. काचबिंदूचं तसं नाही. त्याचं ऑपरेशन उत्तम पार पडलं तरी नजर सुधारत नाही, उलट काही आठवडे धूसरच दिसतं. दोन्ही एकत्र केली की इथेच फसगत होते. स्वच्छ दिसतंय म्हणजे काचबिंदूही गेला, असं समजून रुग्ण थेंब बंद करतो आणि तपासणीला जाणं सोडतो. त्यामुळे नजर जाऊ शकते, आणि गेलेली परत येत नाही.

मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून कृत्रिम भिंग बसवलं की प्रश्न मिटतो. काचबिंदूत मार बसतो तो डोळ्यामागच्या नसेला. तिच्यात दहा-बारा लाख तंतू असतात आणि मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही. सुरुवातीला नुकसान नजरेच्या कडेकडेला होतं, वाचता येत राहतं, म्हणून कळतही नाही. आपल्या हातात आहे तो फक्त डोळ्यातला दाब, आणि काचबिंदूचे सगळे उपचार तो कमी करण्यासाठीच असतात.

हा दाब डोळ्यातल्या पाण्यामुळे तयार होतो. मिनिटाला साधारण दोन ते अडीच मायक्रोलिटर पाणी आत झरतं, बाहुलीतून पुढे येतं आणि पारपटल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग) व रंगीत पडदा जिथे मिळतात त्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून बाहेर पडतं. मोरीची जाळी तुंबली की पाणी साचतं, तसं इथे दाब चढतो.

या कोपऱ्याशी भिंगाचा संबंध आहे. भिंग आयुष्यभर वाढत राहतं. तरुणपणी सुमारे चार मिलिमीटर जाड असलेलं भिंग म्हातारपणी पाचच्या आसपास जातं. काहींच्या डोळ्यात ते रंगीत पडद्याला पुढे ढकलतं आणि कोपराच बंद करतं. कृत्रिम भिंग जेमतेम एक मिलिमीटरचं असतं. म्हणजे अशा डोळ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन हाच काचबिंदूचाही उपचार होतो. 2016 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या 'ईगल' चाचणीत बंद कोपऱ्याच्या 419 रुग्णांपैकी काहींचं भिंग मोतीबिंदू नसतानाच काढलं होतं. नेहमीच्या लेसर उपचारापेक्षा त्यांची स्थिती तीन वर्षांनी चांगली होती.

कोपरा उघडा असूनही जाळी तुंबलेली असेल, तर नुसतं भिंग बदलून दाब सरासरी दोन-चार अंकांनीच (मिलिमीटर पारा) उतरतो. सुरुवातीच्या काचबिंदूत तेवढंही पुरू शकतं, पण नस बरीच खराब झाली असेल तर पुरत नाही. मग पाण्याला वेगळी वाट करून द्यावी लागते. 1968 पासून रूढ असलेली ट्रॅबेक्युलेक्टमी हेच करते. वरच्या पापणीखाली डोळ्याच्या पांढऱ्या भागात एक झडप कापतात, तिच्याखाली छिद्र पाडतात, आणि पाणी बाहेरच्या पातळ आवरणाखाली झिरपून तिथे छोटा फुगवटा तयार होतो. शरीर ही जखम भरून काढायला बघतं, ते रोखण्यासाठी मायटोमायसिन लावतात. दाब चांगला उतरतो, पण कधी वाजवीपेक्षा जास्त उतरतो, आणि फुगवट्यात जंतुसंसर्गाचा धोका वर्षानुवर्षं राहतो.

सौम्य काचबिंदूसाठी आता बारीक स्टेंट, म्हणजे पाण्याला वाट देणाऱ्या इवल्या नळ्या, आहेत. त्यातला टायटॅनियमचा एक जेमतेम एक मिलिमीटरचा आहे. मोतीबिंदूच्याच छेदातून तो आत नेतात. रुग्णाची मान वळवून, मायक्रोस्कोप कलता करून, पारपटलावर खास भिंग धरल्यावरच तो कोपरा दिसतो. स्टेंट जाळीपलीकडच्या नलिकेत बसला की बऱ्याचदा त्याच्या तोंडाशी किंचित रक्त येतं. तो नीट बसल्याची ती खूण, म्हणून सर्जनला हायसं वाटतं! धोका कमी, पण दाबही बेताचाच उतरतो. नव्या साधनांबाबत सावधपणा मला योग्य वाटतो. सायपास नावाचा स्टेंट 2018 मध्ये बाजारातून परत घेतला गेला, कारण पाच वर्षांच्या पाहणीत पारपटलाच्या आतल्या पेशी घटताना दिसल्या.

सगळं एकदाच उरकावं, हा मोह समजण्यासारखा आहे. एकच भूल, एकदाच ताण. पण काचबिंदू फार पुढे गेलेला आणि मोतीबिंदू अजून कच्चा असेल, तर आधी एकट्या दाबाचं ऑपरेशन करणं मला अधिक पटतं. मोतीबिंदू काढताना येणारी सूज नव्या वाटेवर व्रण धरायला मदत करते. नंतर मोतीबिंदू काढला तरी ती वाट थोडी मंदावू शकते, म्हणून मध्ये काही महिने जाऊ देतात. भिंग निवडतानाही विचार हवा. जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी मल्टिफोकल भिंगं फिकट-गडद छटांमधला फरक पुसट करतात, आणि काचबिंदूत तो आधीच कमी झालेला असतो.

ऑपरेशननंतर पहिल्या काही तासांत दाब अचानक चढू शकतो, म्हणून दुसऱ्या दिवशीची तपासणी टाळू नये. सूज उतरवणारे स्टेरॉइडचे थेंबही काहींचा दाब वाढवतात. काचबिंदूचे कोणते थेंब चालू ठेवायचे आणि कोणते बंद करायचे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. मोतीबिंदू असताना केलेली दृष्टिक्षेत्राची (कडेचं कुठवर दिसतं याची) चाचणी आहे त्यापेक्षा वाईट दिसते, म्हणून डोळा स्थिरावल्यावर ती पुन्हा करून घ्यावी. पुढे नसेचं नुकसान वाढतंय का, हे त्या नव्या अहवालाशी ताडून बघता येतं.